वर्षाच्या आत

गेल्या वैशाखात पेणजवळच्या एका गावात माझ्या चुलतभावाची हळद होती. काका गेले ते त्याआधीच्या दिवाळीच्या तोंडावर. घरात कुणी गेलं की लग्न एकतर वर्षाच्या आत उरकायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं, हे आपल्याकडे सगळ्यांनाच पाठ असतं, त्यामुळे तारीख धरण्यावर फारशी चर्चा झाली नाही. मांडवात बेंजो लागला होता. बेंजो ज्यांनी जवळून ऐकलाय त्यांना वेगळं सांगायला नको. तारांचा तो कानात घुसणारा चिरका सूर, खाली ताशा आणि ढोलकी, आणि हल्ली या सगळ्यांच्या मधोमध ऑक्टोपॅडवाला, ज्याच्या एका फटक्यात छातीतलं काहीतरी जागचं हलतं. देवक बसवणं, हळद लावणं हे सगळं मोठ्या काका-काकूंनी केलं होतं. मुलाची सख्खी आई दिवसभर मागच्या पडवीत भांड्यांपाशी होती. कुणी तिला पुढे बोलावलं नाही आणि तीही आली नाही. रात्री अकराच्या सुमाराला मात्र ती मांडवात आली, पदर खोचला आणि नाचायला लागली. कुणी हात धरून ओढलं नव्हतं. तोंडावर हसू नव्हतं, नजर समोरच्या वाशावर कुठेतरी लागलेली, पण पाय एकदाही चुकले नाहीत. एक गाणं झालं, दुसरं झालं, ती थांबेना. माझ्या शेजारी बसलेल्या नात्यातल्या एक बाई पानाला चुना लावता लावता म्हणाल्या, "अजून वर्षश्राद्ध व्हायचंय, आणि ही बघ कशी नाचतेय."

बाई तशा वाईट नव्हत्या. आवाजात दुस्वास नव्हता, खरंखुरं आश्चर्य होतं. पण ते वाक्य मला मुंबईला परतेपर्यंत सोडेना, आणि वडखळच्या पुढे कधीतरी लक्षात आलं की ते मी आधी ऐकलं होतं. माणसं वेगळी होती, गाव वेगळं होतं, सूर अगदी हाच होता. कॉलेजात असताना संगीतातला दर्दी म्हणवणारा एक सीनियर न्यू ऑर्डर या इंग्लिश बँडबद्दल म्हणाला होता, "यांचा गायक गेला आणि हे नाचत सुटले."

न्यू ऑर्डर आणि त्याआधीचं जॉय डिव्हिजन या दोन नावांशी माझी ओळख उलट्या क्रमाने झाली. पुण्याच्या हॉस्टेलवर माझ्या रूममेटकडे तिच्या भावाने दिलेल्या दोन कॅसेट होत्या. दोन्हींवर नाव एकच, 'सबस्टन्स'. एक न्यू ऑर्डरचं १९८७चं संकलन, दुसरं जॉय डिव्हिजनचं १९८८चं. मी आधी पहिलं ऐकलं, आणि बरेच दिवस तेवढंच ऐकलं. लाईट गेल्यावर गच्चीवर वॉकमन घेऊन बसायचं, एक इअरफोन तिच्या कानात, एक माझ्या. 'ब्लू मंडे'चा तो सुरुवातीचा ठोका, यंत्राने धावत धावत दिलेला, ऐकताना आम्ही दोघी टाकीच्या कठड्यावर बोटं आपटत असू. त्या वेळी ते आम्हाला फक्त नाचाचं संगीत होतं. मजेचं मात्र नव्हतं. त्यात एक गारवा होता, सिमेंटच्या जिन्यात उन्हाळ्यातही असतो तसा. तो कुठून येतो हे दुसरी कॅसेट लावली त्या दिवशी कळलं. तोच बास, तेच हात, आणि वर एक खोल, जड, वयाला न शोभणारा आवाज. रूममेट म्हणाली, हा इयन कर्टिस, हा गेला, तेवीस वर्षांचा असताना. बाकीच्या तिघांनी मग ते दुसरं केलं.

म्हणजे माझ्यासाठी नाच आधी आला आणि मरण नंतर. बहुतेकांसाठी हे उलटं होतं, आणि त्या सीनियरसारख्यांचा राग त्यातूनच येत असावा. ज्यांनी जॉय डिव्हिजनची 'क्लोजर' १९८०च्या जुलैमध्ये, कर्टिसला जाऊन दोन महिने होत असताना विकत घेतली, काळ्या-पांढऱ्या फोटोचं ते थडग्यावरच्या शिल्पाचं कव्हर हातात धरलं, त्यांना तीन वर्षांनी ड्रम मशीन ऐकून फसवल्यासारखं वाटलं असेल तर मला ते समजतं. त्यात त्या काळच्या रॉकवाल्यांचा डिस्कोवरचा जुना आकस होताच. १९७९च्या जुलैमध्ये शिकागोच्या बेसबॉल मैदानावर डिस्कोच्या रेकॉर्डचा ढीग रचून स्फोटाने उडवला गेला आणि गर्दी मैदानात घुसली. जॉय डिव्हिजनची पहिली रेकॉर्ड 'अननोन प्लेझर्स' त्याच्या जेमतेम महिनाभर आधी इंग्लंडमध्ये आली होती. डिस्को म्हणजे काळ्यांचं, समलिंगी पुरुषांचं, लॅटिनोंचं संगीत, गंभीर माणसाने त्याकडे वळू नये, असं ठामपणे मानणारे पुष्कळ लोक होते, अटलांटिकच्या दोन्ही बाजूंना. गंभीर माणूस गिटार घेऊन उभा राहतो, प्रेक्षक हात बांधून ऐकतात, आणि दुःख हे स्थिर असतं. दुःखाबद्दलची ही समजूत मला तेव्हाही पटत नव्हती, त्या हळदीनंतर तर मुळीच पटत नाही.

त्यातून ती या बँडला लावणं तर फारच चुकीचं आहे. कारण जॉय डिव्हिजनमध्ये नाचणारा एकच होता, आणि तो इयन कर्टिस होता.

त्याच्या नाचाचं चित्रण ज्यांनी पाहिलंय त्यांना तो विसरता येत नाही. कोपरं अंगाला चिकटलेली, हात गोल फिरत सुटलेले, डोळे कुठेच नसलेले, वेग वाढत वाढत अशा जागी पोचलेला की पुढे काय होईल याची धास्ती वाटावी. बाजूला बर्नार्ड समनर गिटारवर वाकलेला, मागे ड्रमवर स्टीफन मॉरिस, पीटर हूकचा बास गुडघ्यापर्यंत लोंबलेला, आणि समोर लोक खिळल्यासारखे. १९७८च्या डिसेंबरात लंडनचा कार्यक्रम करून परतताना गाडीत कर्टिसला पहिला मोठा झटका आला आणि अपस्माराचं निदान झालं. त्यानंतर त्याचा नाच आणि त्याचा आजार यांच्यातली रेघ पुसट होत गेली. १९८०च्या एप्रिलमध्ये लंडनच्या रेनबो थिएटरात लुकलुकत्या दिव्यांनी त्याला स्टेजवरच झटका आला. प्रेक्षकांपैकी काहींना तो कार्यक्रमाचाच भाग वाटला. मॅकल्सफील्डमध्ये तो अपंगांना नोकऱ्या शोधून देणाऱ्या सरकारी कचेरीत काम करायचा. तिथे येणाऱ्या एका मुलीला असेच झटके येत, तिच्यावरून 'शीज लॉस्ट कंट्रोल' हे गाणं झालं. त्या गाण्यात ड्रमचा प्रत्येक आवाज निर्माता मार्टिन हॅनेटने मॉरिसकडून सुटा सुटा वाजवून घेतला होता, त्यामुळे हाताने वाजवलेला तो ताल यंत्राचा वाटतो. 'ट्रान्समिशन' तर १९७९चं, त्याचा पालुपदातला आग्रह एकच आहे, रेडिओवर नाचा. आणि २ मे १९८०ला बर्मिंगहॅम विद्यापीठात झालेल्या त्यांच्या अखेरच्या कार्यक्रमात शेवटचं गाणं होतं 'डिजिटल'. ते ध्वनिमुद्रण 'स्टिल' या संग्रहात आहे. ऐकताना अंग स्वस्थ बसत नाही. सोळा दिवसांनी, १८ मेच्या पहाटे, अमेरिकेच्या दौऱ्यावर निघायच्या आदल्या दिवशी, त्याने स्वतःचं आयुष्य संपवलं. मागे बायको होती, लहान मुलगी होती.

यापुढचं मला सारखं आठवतं ते मोठ्या गोष्टींमुळे नाही, बारीकसारीक तपशिलांमुळे. चौघांपैकी कुणी एक जरी सोडून गेलं तरी नाव ठेवायचं नाही, असं त्यांचं आपसात ठरलेलं होतं, म्हणून नाव गेलं. गायला कुणीच तयार नव्हतं, तिघांनी आळीपाळीने गाऊन पाहिलं. त्याच्याबरोबर जायची राहून गेलेली अमेरिका तिघांनी सप्टेंबरात केली, आणि न्यूयॉर्कमध्ये त्यांची वाद्यं ठेवलेली गाडीच चोरीला गेली. परत आल्यावर ऑक्टोबरमध्ये जिलियन गिल्बर्ट आली, मॉरिसची मैत्रीण, मॅकल्सफील्डचीच. आणि पहिलं गाणं म्हणून त्यांनी काय करावं, तर त्याने मागे ठेवलेलं 'सेरेमनी'. शब्द कुठे लिहिलेले सापडेनात. होतं ते सरावाचं एक खराब रेकॉर्डिंग, ज्यात त्याचा आवाज वाद्यांखाली गाडला गेलेला. मग ते टेप ग्राफिक इक्वलायझरमधून घालून, एकेक पट्टी वर-खाली करून, त्याचा आवाज जरा वर काढून त्यांनी एकेक शब्द उतरवून घेतला. तो प्रसंग मला डोळ्यांसमोर दिसतो: थंड खोली, तीन तरुण मुलं, एका यंत्राची बटणं सरकवताहेत आणि मित्र काय म्हणाला होता ते ओळखायचा प्रयत्न करताहेत. काही शब्द त्यांना तरीही नीट लागले नसणार. समनरने ते त्याच्या त्या पातळ, साध्या, गायकाच्या नसलेल्या आवाजात गायले. १९८१च्या सुरुवातीला रेकॉर्ड आली. वर्षाच्या आत.

न्यू ऑर्डरची पहिली मोठी रेकॉर्ड 'मूव्हमेंट' त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात आली, आणि तिच्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे. ते कर्टिसच्या पद्धतीने कर्टिसचा शोक करणं होतं. हॅनेट स्वतः त्या मरणातून सावरला नव्हता, नशेत बुडत चालला होता, समनर आणि हूक यांच्या गाण्याबद्दल त्याला विश्वास नव्हता, आणि ते सगळं रेकॉर्डमध्ये उतरलंय. आवाज मागे ढकललेले, धुक्यात. समनर कधी कधी त्याच्यासारखा खोल आवाज लावायला बघतो आणि तो आवाज त्याचा नसतो. दुःख खरं होतं यात मला शंका नाही, पण त्याचा आकार उसना होता. लोकांना जे दिसायला हवं होतं तेच त्यांनी घातलं होतं. मला ती रेकॉर्ड आवडत नाही असं नाही. 'ड्रीम्स नेव्हर एंड'चा बास अजूनही अंगावर येतो. पण ती ऐकताना मला दिवसकार्याच्या वेळी पांढरे कपडे घालून ओळीने बसलेली माणसं दिसतात, ज्यांना काय बोलावं ते कळत नसतं.

मग त्यांना न्यूयॉर्कच्या रात्री सापडल्या. तिथल्या क्लबांत ते पुन्हा पुन्हा जाऊ लागले, डान्सटेरिया, पॅराडाइज गॅराज, फनहाउस. बर्लिनमधला एक मित्र समनरला इटालियन डिस्कोच्या रेकॉर्ड पाठवत होता. १९८१च्याच 'एव्हरीथिंग्ज गॉन ग्रीन'मध्ये यंत्र धडधडायला लागलं, आणि हॅनेटबरोबरचं ते अखेरचं काम ठरलं. १९८२चं 'टेम्प्टेशन' त्यांनी स्वतःच केलं. मी तुम्हाला एकच गाणं ऐकायला सांगू शकले असते तर हे सांगितलं असतं. त्यात प्रथमच समनर कुणासारखं गायचा प्रयत्न सोडून देतो. शब्द अगदी साधे, शेवटी तर तो नुसते डोळ्यांचे रंग सांगत राहतो, हिरवे, निळे, करडे, पुन्हा हिरवे. मधे मधे ओरडतो. ती आरोळी आनंदाची आहे की कुठेतरी दुखल्याची, हे मी इतकी वर्षं ऐकूनही सांगू शकत नाही.

आणि हे सगळं बाहेरून आणलेलं होतं असंही नाही. क्राफ्टवर्क हा यंत्रांवर वाजवणारा जर्मन बँड ऐकायला कर्टिसनेच बाकीच्यांना लावलं होतं. जॉय डिव्हिजन स्टेजवर येण्याआधी त्यांची 'ट्रान्स-युरोप एक्स्प्रेस' वाजवली जायची. समनरने पहिला सिंथेसायझर सुटे भाग आणून, घरी बसून, डाख देऊन जोडला होता, तोही कर्टिस असतानाच. 'क्लोजर'वरचं 'आयसोलेशन' ऐका, आत्ताच्या कुठल्याही डान्सफ्लोअरवर चालेल. 'लव्ह विल टेअर अस अपार्ट'मधली ती सुप्रसिद्ध धून गिटारची नाही, कीबोर्डची आहे. म्हणजे ज्या वाटेने गेल्याबद्दल त्यांना बेइमान म्हटलं गेलं, ती वाट त्यानेच दाखवून ठेवलेली होती. तो पुढे चालला नाही इतकंच.

'ब्लू मंडे'कडे मी मुद्दाम सावकाश येतेय, कारण तिच्याबद्दल सगळ्यांनाच थोडंफार माहीत असतं. मार्च १९८३. साडेसात मिनिटांची, फक्त बारा इंची. आजवर सगळ्यात जास्त खपलेली बारा इंची सिंगल म्हणून तिचं नाव घेतलं जातं. पीटर सॅव्हिलने केलेलं फ्लॉपी डिस्कसारखं कापलेलं कव्हर, ज्यावर बँडचं नाव नाही, गाण्याचं नाव नाही, नुसते रंगांचे चौकोन. ते कापायला इतका खर्च यायचा की विकल्या गेलेल्या प्रत्येक प्रतीमागे त्यांच्या फॅक्टरी रेकॉर्ड्स या कंपनीला तोटा व्हायचा, असं फॅक्टरीचा टोनी विल्सन सांगत असे. आकडा दर वेळी बदलतो, गोष्ट तीच राहते. मला यातलं आवडतं ते वेगळंच. कार्यक्रम संपल्यावर पुन्हा स्टेजवर येऊन एखादं गाणं वाजवणं त्यांना नकोसं असायचं. लोक तर ओरडत राहायचे. म्हणून असं एक गाणं करू की बटण दाबलं की ते आपलं आपण वाजेल आणि आपण निघून जाऊ, अशी मूळ कल्पना होती असं ते स्वतः सांगत आलेत. ओबरहाइम डीएमएक्स हे ड्रम मशीन, मूग सिंथेसायझरचा बास, आणि समनरने पुन्हा एकदा किट आणून स्वतः जोडलेला सीक्वेन्सर. हा सीक्वेन्सर चालवायला एकेक सूर आकड्यांत भरावा लागायचा. जिलियनने अख्खं गाणं एका लांबलचक कागदावर लिहून काढलं आणि बोटांनी एकेक सूर आत भरला. भरताना एक सूर सुटला. त्यामुळे ती धून तालाच्या किंचित बाजूला सरकलेली आहे, मागे-पुढे होत राहते, आणि त्यांनी ती तशीच ठेवली. जगभरच्या डान्सफ्लोअरवर चाळीस वर्षं लोक ज्या अचूक यंत्रावर नाचताहेत, त्यात एका मुलीच्या हातून सुटलेली जागा आहे.

मॉरिसबद्दल लोक कमी बोलतात. इंग्लंडमधल्या त्या पिढीतला तो एक फार चांगला ड्रमर, आणि आपल्या हातांचं काम करणारं यंत्र त्याने स्वतः पुढे होऊन बँडमध्ये आणलं, शिकून घेतलं, रात्र-रात्र बसून त्यात ठोके भरले. कुठलाही वादक हे सहज करत नाही. आमच्याकडच्या एका ढोलकीवाल्याला ऑक्टोपॅडबद्दल विचारलं तर तो आजही तोंड फिरवतो. मॉरिसने ते का केलं याची कारणं सांगीतिक असणारच, ती नवी यंत्रं त्याला मनापासून आवडायची. पण मला ऐकताना वाटत आलंय की ज्या माणसांचे हात एकदा थरथरलेत त्यांना न थरथरणारी एखादी वस्तू खोलीत असण्याचा आधार होतो. ठोका कुणीतरी दुसरं धरून ठेवतंय, तोपर्यंत आपण जरा गाऊन बघू, जरा चुकून बघू. 'ब्लू मंडे'त समनर जवळजवळ बोलतो, सपाट, नजर कुठेतरी लावून, आणि सुरुवातच प्रश्नाने करतो, कसं वाटतं. त्या सपाटपणाला लोक थंडपणा म्हणतात. मला त्यात पेणच्या मांडवातला चेहरा दिसतो.

त्या मार्चमध्ये ते बीबीसीच्या 'टॉप ऑफ द पॉप्स'मध्ये आले. तिथे सगळे टेपवर ओठ हलवायचे, यांनी हट्टाने थेट वाजवलं. आवाज बारीक, यंत्रं रुसलेली, समनर ओशाळल्यासारखा. ते चित्रण मी किती वेळा पाहिलं असेल. कुणीही नाचत नाही, म्हणजे बँडमधलं कुणी. सुरुवातीच्या त्या वर्षांत ते स्टेजवर असेच उभे असायचे, प्रेक्षकांशी बोलायचे नाहीत, जिलियन तर पुतळ्यासारखी. आणि समोर माणसं नाचायची. जॉय डिव्हिजनमध्ये एक माणूस नाचायचा आणि गर्दी खिळून बघायची. आता गर्दी नाचत होती आणि मधली ती जागा त्यांनी रिकामी ठेवली होती, तिथे नवा गायक आणला नाही, कुणी त्याच्यासारखे हात फिरवून दाखवले नाहीत. त्याच्या अंगात जे होतं, जे त्या एकट्याला झेपलं नाही, ते त्यांनी शेकडो लोकांत वाटून टाकलं. हे त्यांनी ठरवून केलं असं मी म्हणणार नाही. झालं मात्र तसं.

नोकरीसाठी काही काळ मँचेस्टरमध्ये राहिले तेव्हा हसिएंडा हा नाचाचा क्लब होता ती जागा माझ्या रोजच्या वाटेवर होती. व्हिटवर्थ स्ट्रीट वेस्ट, मागे कालवा, पुढे रेल्वेची कमान, आणि आता तिथे त्याच नावाचे फ्लॅट. मूळ इमारत २००२मध्ये पाडली. २१ मे १९८२ला, म्हणजे कर्टिसच्या दुसऱ्या वर्षदिनानंतर तीन दिवसांनी, न्यूयॉर्कच्या त्या क्लबांसारखा एक क्लब आपल्या गावात हवा म्हणून फॅक्टरीने आणि न्यू ऑर्डरने तो उघडला. नकाशा बेन केलीचा, खांबांवर कारखान्यातल्यासारखे काळे-पिवळे पट्टे. पैसा कुठून आला? रेकॉर्ड विकून. म्हणजे 'अननोन प्लेझर्स' आणि 'क्लोजर' यांचाही त्यात वाटा होता. इंग्लंडभर अंधाऱ्या खोल्यांत एकेकट्या मुलांनी ज्या रेकॉर्ड उशाशी घेऊन ऐकल्या, त्यांच्या पैशांतून नाचायची जमीन घातली गेली. पहिली काही वर्षं तिथे कुणी फारसं यायचं नाही, हॉल गारठलेला असायचा. मग शिकागोहून हाउस आणि डेट्रॉइटहून टेक्नो संगीत आलं आणि तिथे पाय ठेवायला जागा उरली नाही. पुढचं सगळं, अमली पदार्थ, बंदुका, बँडचे बुडालेले पैसे, १९९७चं बंद होणं, हे अनेकांनी लिहिलंय. मला पावसात त्या इमारतीसमोरून जाताना वाटायचं की इथल्या कुणाला तरी खालच्या त्या जमिनीचं विचारावं. फ्लॅटच्या दारात एक बाई रोज कुत्र्याला घेऊन उभी असायची. मी तिच्याशी फक्त हवेबद्दल बोलले.

एका रविवारी आगगाडीने मॅकल्सफील्डला गेले. स्मशानभूमी टेकाडावर आहे, हिरवी, व्यवस्थित. कर्टिसचा दगड जमिनीलगत, फूटपाथच्या कडेला असतो तेवढा छोटा. आधीचा २००८मध्ये चोरीला गेला, हा नंतरचा. वर त्याच्या गाण्याचं नाव कोरलंय. लोकांनी नाणी ठेवलेली, गिटारची प्लेक्ट्रम, सुकलेली फुलं. मी तिथे गेले तेव्हा दोन तरुण पोरं हेडफोन वाटून घेऊन बसली होती आणि त्यांच्यातल्या एकाची बुटाची टाच जमिनीवर ताल धरत होती. काय ऐकत होती ते मी विचारलं नाही.

मनात दोन गोष्टी एकाच वेळी राहतात, आणि मी त्यातली एक काढून टाकायला तयार नाही. न्यू ऑर्डरने 'क्लोजर'वरच्या 'डेकेड्स'च्या तोडीचं काही केलं नाही. समनरचे शब्द बऱ्याचदा जेमतेम जुळवलेले असतात, कर्टिसची एक ओळ त्याच्या अख्ख्या गाण्याला भारी पडते. ते गेलं ते गेलंच. तो असता तर काय झालं असतं, याचं उत्तर 'ब्लू मंडे' देत नाही, आणि भरपाई म्हणून तर मुळीच उभी राहत नाही. पण जी माणसं मागे उरली त्यांना जे जमणार होतं ते त्यांनी केलं, आणि ते जमणं खोटं नव्हतं. दुःख पुरेसं दिसलं नाही म्हणून त्यांना जाब विचारणारे लोक 'मूव्हमेंट'वर खूश व्हायला हवे होते. तेही झाले नाहीत.

पुढे या लोकांचं आपसात फाटलं. हूक २००७मध्ये बाहेर पडला, २०११मध्ये बाकीचे त्याच्याशिवाय पुन्हा एकत्र आले, नावावरून आणि पैशांवरून कोर्टकज्जे झाले, २०१७मध्ये तडजोड झाली. आज हूक आपल्या वेगळ्या बँडबरोबर जॉय डिव्हिजनच्या रेकॉर्ड अथपासून इतिपर्यंत वाजवत फिरतो. दुसरीकडे समनर, मॉरिस आणि जिलियन कार्यक्रमाच्या शेवटी 'लव्ह विल टेअर अस अपार्ट' घेतात, मागच्या पडद्यावर 'फॉरेव्हर जॉय डिव्हिजन' अशी अक्षरं येतात. दोन्हीकडे लोक ते गाणं नाचत नाचत गातात. घर फुटलं तरी वर्षश्राद्ध दोन्ही घरी होतं, तसं हे चाललंय, आणि मला त्याचं वाईट वाटतं. जिवंत असलेल्यांनी तरी एका स्टेजवर यावं असं वाटत राहतं.

मला विचाराल तर नुसती दोन गाणी एकामागोमाग लावा. आधी 'लव्ह विल टेअर अस अपार्ट', १९८०चं. लक्ष शब्दांवर जाईल, तिकडून काढून ड्रमवर द्या, तो मॉरिसचा धावता, न थांबणारा ताल नीट ऐका. मग 'पॉवर, करप्शन अँड लाइज' ही मे १९८३ची रेकॉर्ड घ्या, कव्हरवर फांतां-लातूर या फ्रेंच चित्रकाराने रंगवलेली गुलाबांची टोपली असलेली, आणि तिचं पहिलंच गाणं लावा, 'एज ऑफ कन्सेंट'. आधी हूकचा बास एकटा येतो, वरच्या पट्टीत, उन्हात आल्यासारखा. मग ड्रम येतो. हा ताल आपण 'लव्ह विल टेअर अस अपार्ट'मधूनच घेतला, हे मॉरिसने स्वतः सांगितलंय. तीन वर्षांनी, त्याच हातांनी, जरा मोकळा करून. आवाज वाढवा आणि उभे राहून ऐका.